ओल्या साळुंकीचं वजन

"मामा, तुम्हाला काटा वाचता येतो का?"

हा प्रश्न ज्याला विचारला तो उचगावचा पिराजी. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला अडतीस वर्षं तोलाईदार होता. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, काट्यावर चढल्या की वजन बघायचं आणि चार माणसांत मोठ्यानं पुकारायचं, हे त्याचं काम. पिराजीनं पुकारलेला आकडा परत बघायला कुणी वाकत नाही, असं यार्डात म्हणायचे. त्या माणसाला मंगळवार पेठेतली एक सव्वीस वर्षांची पोर, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, गोठ्याच्या दारात उभी राहून काटा वाचता येतो का म्हणून विचारत होती. पिराजीच्या हातातली वैरणीची पेंढी हातातच राहिली.

आतून त्याची बायको बाळाबाई म्हणाली, "सांगा की. येतोय का न्हाय?"

"कुठला काटा?" पिराजीनं विचारलं. "टांगायचा, बैठा, का ट्रकाचा?"

"साळुंकीचा," पोर म्हणाली.

पिराजीनं पेंढी खाली ठेवली आणि बाळाबाईला चहा टाकायला सांगितलं.

पोरीचं नाव ऋता. पेठेत वाढलेली, त्यामुळं मुलगी असून "आलो, बसलो, जेवलो" असंच बोलायची. पीएच.डी. करत होती. तिनं चहा पितापिता जे सांगितलं ते पिराजीला आधी खरंच वाटेना. आपल्या गोठ्यात म्हशींच्या पायांत किडे वेचत फिरणारी साधी साळुंकी म्हणे परदेशात उपद्रवी पक्षी ठरली होती. ऑस्ट्रेलियात शेकडो वर्षांच्या झाडांच्या ढोल्यांतून तिथल्या पाखरांना हुसकून लावत होती, न्यूझीलंडमध्ये फळबागांवर पडत होती.

"पण गेलीच कशी तिकडं? उडत?"

"जहाजानं. माणसांनीच नेली. त्यांच्या उसातली कीड खाईल म्हणून."

"उसासाठी?" पिराजीला एकदम बरं वाटलं. "मग कोल्हापूरचीच असणार."

"कुठलीही असूदे. आधी बोलावून नेली, आता नको झालीय."

"असले पावणं आमच्यातबी असत्यात," आतून बाळाबाई म्हणाली. पिराजीचा धाकटा मेव्हणा, बहिणीचा नवरा, त्याच आठवड्यात दहा दिवस राहून गेला होता, त्यामुळं हे बोलणं कुणाला लागावं म्हणून होतं ते ज्याचं त्याला कळलं.

ऋताचं काम असं होतं. तिनं कॉम्प्युटरात एक साळुंकी तयार केली होती, निव्वळ आकड्यांची. तिला थंडी द्यायची, वारा द्यायचा, पाऊस द्यायचा, आणि ती किती जळण जाळते ते बघायचं. थंडीच्या मुलखात तिला किती खावं लागेल, रात्र निभेल का, उद्या ती आणखी कुठल्या देशात पाय रोवेल, हे सगळं त्यावरून ताडायचं. पण आकड्यांच्या साळुंकीला आधी खऱ्या साळुंकीकडून शिकावं लागतं. म्हणून साळुंकीच्या मूळ मुलखातली वजनं हवी होती. संध्याकाळी झोपायला जाताना किती आणि सकाळी उठल्यावर किती.

"मधली तूट म्हंजे रात्रीचं जळण," पिराजी म्हणाला.

ऋतानं कप खाली ठेवला. तिला हे समजवायला इतर ठिकाणी अर्धा-अर्धा तास लागला होता.

"बरोबर. कसं ओळखलंत?"

"गुऱ्हाळाच्या चुलवाणावर निम्मा जलम गेलाय माझ्या बापाचा. रात्री चिपाडाचा ढीग केवढा हुता आन् सकाळी केवढा उरला, ह्यावरनं किती कायली रस आटला ते घरबसल्या सांगायचा. पाखरू म्हंजे चुलवाणच की."

पुढं तिच्या सरांसमोर ऋतानं हाच दाखला दिला, आणि सरांना तो आवडला असं ती सांगायची.

गोठ्यामागं एक जुनं उंबराचं झाड आहे. तिथं रोज संध्याकाळी दोन-अडीचशे साळुंक्या येऊन असा कालवा करतात की नवा माणूस भांडण सोडवायला धावेल. वनखात्याची परवानगी काढून ऋतानं त्यातल्या अकरा धरल्या, त्यांच्या पायांत रंगीत कडी घातली आणि सोडून दिल्या. मग गोठ्याच्या पत्र्याखाली एक इलेक्ट्रॉनिक काटा ठेवला, त्यावर आडवी काठी बसवली. काठीसमोर वाटीत भाकरीचा चुरा. पाखरू चुऱ्यासाठी काठीवर बसलं की आकडा उमटायचा. पिराजीनं तो बघायचा, कड्याचा रंग बघायचा, वहीत लिहायचं आणि फोनवर ऋताला कळवायचं. सकाळचं वजन चुऱ्याला चोच लागायच्या आत.

पंधरा दिवसांत त्याला अकराच्या अकरा ओळखू यायला लागल्या, कडं न बघता. पिवळ्या कड्याची धीट होती, ती आल्याआल्या काठीवर. निळ्या कड्याची नवऱ्याला पुढं घालायची आणि मग यायची. बाळाबाईनं तिचं नाव सूनबाई ठेवलं. यार्डातनं निवृत्त झाल्यावर पिराजीचं दोन वर्षं कशात लक्ष लागत नव्हतं. वजन करायला काही नाही म्हणून तो बाजारातनं आणलेली भाजी हातानं जोखून, "पन्नास गरम कमी हाय," असं ग्रॅमात बाळाबाईला सांगायचा आणि बोलणी खायचा. आता तो पहाटे पाचला आंघोळ करून, टोपी घालून काट्याशी बसायला लागला.

त्याच्या वजनाची एक गोष्ट उचगावात अजून सांगतात. जत्रेच्या कुस्त्या होत्या, दोन पैलवानांत वजनावरनं वाद झाला, आणि निवाड्याला पिराजीला बोलावलं. एक पैलवान थेट आखाड्यातनं आलेला, अंगाला मातीचा लेप. काटा ब्याऐंशी दाखवत होता. पिराजीनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली, पाठीवरची माती बोटानं खरवडून बघितली आणि पुकारलं, "साडेएक्याऐंशी." पैलवान चिडला. त्याला हौदावर नेऊन धुतला, पुसला, परत चढवला. साडेएक्याऐंशी. लोकांनी पिराजीलाच खांद्यावर घेतला, पैलवान राहिला बाजूला.

ही विद्या त्याला दिली कृष्णात तोलाईदारानं. पिराजी यार्डात लागला तेव्हा कृष्णातची पन्नाशी उलटली होती. कृष्णात म्हणायचा, काटा येडा असतोय. त्याला गूळ कळत न्हाय, फडकं कळत न्हाय, पाणी कळत न्हाय. त्याच्यावर ठेवलं ते सगळं तो गूळ म्हणून सांगतो. कळायला माणूस लागतो. पहाटेच्या गाडीतनं दवात भिजून आलेल्या मालाला ओलीचा कडता धरायचा, म्हणजे ओलीपुरतं वजन सोडायचं आणि उरलेलंच पुकारायचं. न धरला तर घेणारा बुडतो, जास्त धरला तर शेतकरी बुडतो. तेवढं बरोबर धरायला कृष्णातनं पिराजीला सहा वर्षं शिकवलं.

तो पहिला हिवाळा छान गेला. पंचगंगेवरनं धुकं यायचं, गोठ्याचा पत्रा टिपकायचा, साळुंक्या पिसं फुलवून बसायच्या. कार्तिकापासून माघापर्यंत नव्वद सकाळी पिराजीनं एकही खाडा केला नाही. मेव्हण्याच्या घरभरणीलासुद्धा तो सकाळची वजनं करून गेला, आणि संध्याकाळच्या आत जेवण अर्धं टाकून परत आला.

शिमग्याच्या सुमारास ऋता आली ती तोंड उतरवून. भिंतीला टेकून खालीच बसली.

"काय झालं गं?"

"साळुंकी मरायलीय मामा."

"कुठली? पिवळी?" पिराजी उठलाच.

"खरी न्हाय. कॉम्प्युटरातली. कोल्हापूरच्या आकड्यांवर तिला तयार केली आणि न्यूझीलंडच्या थंडीत सोडली, की पहाटेच्या आत मरतीय. जळणच पुरत नाही. आणि खऱ्या साळुंक्या तिथं मजेत नांदतायत."

पिराजीला आकड्यांची साळुंकी मेल्याचंसुद्धा थोडं वाईट वाटलं. ऋता सांगत होती. कोल्हापूरच्या साळुंक्या थंडीच्या रात्री आठ-नऊ ग्रॅम उतरतायत, राजस्थानातल्या याहून कडक थंडीत सहाच. तिनं तीन आठवडे स्वतःचं गणित तपासलं होतं. रात्र-रात्र जागून एकेक ओळ पाहिली होती. पाडव्याच्या आत चूक सापडली नाही तर नृसिंह सर, म्हणजे तिचे मार्गदर्शक, कोल्हापूरचं ठाणं इथल्या सगळ्या वजनांसकट निबंधातनं वगळणार होते. मग दोन वर्षांच्या कामातला मूळ मुलखाचा महत्त्वाचा तुकडाच जायचा.

"वजनात काय असंल का?" पिराजीनं विचारलं. विचारायचं म्हणून.

"तुमच्या वजनात? न्हाय ओ. माझंच कुठंतरी चुकलंय."

तिनं हे इतक्या सहज म्हटलं की पिराजीची छाती दोन बोटं फुगली. तरी काटा एकदा नजरेखालनं घालायचा म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे ती परत आली. माघ सरला तरी धुकं होतंच. पिराजी काट्याशी, ती मागं वही घेऊन. त्यानं पुकारायचं, तिनं लिहायचं, असं ठरलं.

पिवळी आली. काठीवर बसली. काट्यावर एकशे पाच.

"पिवळी, एकशे तीन," पिराजीनं पुकारलं.

ऋताचं पेन थांबलं. "एकशे पाच हाय मामा."

"व्हय. पण ओली हाय की."

"म्हणजे?"

"म्हंजे दोन गरम ओलीचं सोडलं." पिराजीनं नवशिक्याला सांगावं तसं समजावून सांगितलं. "ही बघ, पत्र्यावर अंगठ्यानं रेघ वडायची. रेघ कोरडी ऱ्हायली तर कडता न्हाय. भरून आली तर दोन. वघळ सुटला तर तीन. काटा येडा असतोय, पोरी. त्याला पाणी कळत न्हाय."

"रोज सोडलं?"

"रोज कसं? ज्या दिवशी दव, त्या दिवशी. वाऱ्याच्या सकाळी न्हाय सोडलं. आन् संध्याकाळी पाखरू कोरडं असतंय, मग संध्याकाळचं जसंच्या तसं."

ऋतानं वही मिटली, वाटीतला चुरा बोटानं सारखा केला. पिवळी उडून गेली. आणि पिराजीला हळूहळू उमगत गेलं. संध्याकाळचं पुरतं, सकाळचं दोन-तीन उतरवून. म्हणजे रोज रात्री साळुंकीनं न जाळलेलं जळण त्यानं तिच्या नावावर जाळलं होतं. न्यूझीलंडातली साळुंकी थंडीनं मेली नव्हती.

"पण पाणी तर असतंय की तिच्या अंगावर," तो शेवटचं म्हणून बोलला.

"असेल. पत्र्यावर आहे तेवढंच पिसांवर आहे, हे कुणी मोजलंय? ती पानांच्या आत झोपते मामा, पत्र्यावर न्हाय."

गुळाची ओल हाताला लागते. साळुंकीला त्यानं कधी हात लावला नव्हता.

"लिहून ठेवलंय का तुम्ही, कुठल्या दिवशी किती सोडलं?" ऋतानं विचारलं.

"न्हाय. सोडलेलं कोण लिवतंय? पुकारायचं तेच लिवायचं."

ऋता रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तिनं पिशवीतनं एक कागद काढला. त्यावर नव्वदच्या नव्वद तारखा छापलेल्या होत्या. म्हणाली, "वाऱ्याच्या सकाळी कडता धरला नव्हता ना? मग त्या सकाळी कुठल्या, तेवढं खात्रीनं सांगा. पंचवीस मिळाल्या तरी कोल्हापूर राहतंय. परवापर्यंत आठवून खुणा करा."

कागद घेऊन पिराजी दोन दिवस उंबराखाली बसला. संक्रांतीची सकाळ आठवत होती. त्या दिवशी असला वारा होता की बाळाबाईची सुगडं कलंडली. म्हैस व्याली ती सकाळ पक्की. पत्रा कोरडा ठणठणीत. मेव्हण्याच्या घरभरणीचा दिवस. आणि मांडवाचं कापड उडालं तो शेजारच्या लग्नाचा दिवस. झाल्या चार. पाचवी म्हणून एक तारीख धरली, तर त्या दिवशी धुकं होतं की आदल्या दिवशी, ते ठरेना. बाकीच्या सगळ्या सकाळी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, भाकरीच्या पिठासारख्या.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला बाळाबाई शेजारी येऊन बसली. कागद बघितला.

"पंचवीसच पायजेत न्हवं?"

"व्हय."

"मग मारा की आणि एकवीस खुणा. वारं काय चार दिवस व्हतं व्हय नव्वदात? पोरीचं काम हुतंय, तुमचं नाव ऱ्हातंय. कोण बघाय येतंय?"

"कोण बघाय येत न्हाय, म्हणूनच तर मारायच्या न्हायत," पिराजी म्हणाला.

बाळाबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आडमुठंच तुमी," आणि भाकरी टाकायला आत गेली. पण त्या रात्री तिनं न सांगता पिठलं केलं. ते त्याला आवडायचं.

सकाळी पिराजी के.एम.टी.च्या बसनं मंगळवार पेठेत गेला. एका पिशवीत कागद, दुसरीत काटा, काठी आणि वाटीसुद्धा. ऋता दारातच भेटली. कागद उलटसुलट करून तिनं विचारलं, "चारच?"

"चारच."

"बाकीचं काहीच आठवत न्हाय?"

"आठवतंय असं वाटतंय. पण वाटण्यावर पुकारता येत न्हाय. सगळं काढून टाक. चूक माझी, तुझ्या गणिताची न्हवं, एवढं तुझ्या सरांना सांग. मी सांगतो पायजे तर."

त्यानं खरंच सांगितलं. ऋतानं फोन लावून दिला आणि पिराजी नृसिंह सरांशी सात मिनिटं बोलला. कृष्णात, पत्रा, अंगठ्याची रेघ, सगळं. पलीकडनं सरांनी विचारलं, गुळाच्या रव्याला दवाचा कडता किती धरता? पिराजीनं तेही सांगितलं. कोल्हापूरचं ठाणं निबंधातनं गेलं ते गेलंच. ऋताची आई पोह्यांची बशी घेऊन आली तेव्हा ऋताचे डोळे भरलेले होते. पिराजी बशीकडंच बघत राहिला.

उठताना त्यानं दुसरी पिशवी पुढं सारली.

"हे काय?"

"काटा. तुझा हाय. धुऊन पुसून आणलाय."

"मग पुढच्या हिवाळ्यात वजनं कोण करणार?"

पिराजीला वाटलं ती चेष्टा करतेय. ऋतानं नाक पुसलं. "मामा, पंचवीस खुणा आणल्या असत्या न्हवं, तर काटा ठेवून घेतला असता मी. कारण त्या कागदावर पंचवीस येणार न्हायत, हे मला तुमच्याआधी माहीत होतं. हवामानखात्याच्या नोंदी मी गणितासाठी आधीच काढल्या होत्या. अख्ख्या हंगामात वाऱ्याच्या सकाळी सतराच होत्या."

"मग इचारलंस कशाला?"

"विचारायलाच पायजे होतं."

सहा वर्षं कृष्णातनंही पिराजीला असंच फिरवून-फिरवून पारखलं होतं. पोर वाटते तेवढी साधी नव्हती. त्यानं पोहे संपवले, पिशवी उचलली आणि परतीची बस धरली.

पुढच्या कार्तिकात नवी वही आली. ऋतानं तिच्यात दोन रकाने आखले होते. एक वजनाचा, काटा दाखवेल तेच. दुसरा ओलीचा. पत्र्यावरची अंगठ्याची रेघ कोरडी, भरलेली की ओघळलेली, ते तिथं लिहायचं, वजनातनं काही वजा न करता. शिवाय तिनं एक टिपकागद दिला होता. कडं बदलायला पाखरू धरलं की त्याच्या पिसांवर तो दाबायचा आणि कागदाचं वजन आधी आणि नंतर करायचं. ओल्या पिसांत ऊब टिकत नाही, त्याचं जळण वेगळं मांडायला लागतं, असं ती म्हणाली. म्हणजे ओल ही नुसती सोडून द्यायची वस्तू नव्हती.

हे ऐकायला सोपं होतं. करायला पिराजीला जड गेलं. अडतीस वर्षांची जीभ. काट्यावर एकशे चार दिसलं की तोंडात एकशे दोन तयार असायचं. पहिल्या आठवड्यात त्यानं तीन वेळा खोडलं. मग त्यानं एक उपाय काढला. वजन लिहून होईपर्यंत पत्र्याकडं बघायचंच नाही. त्याच्याकडं पाठ करून बसायचं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी धुकं असं दाट होतं की उंबर दिसत नव्हता, नुसता त्याचा कालवा ऐकू येत होता. सूनबाई आली, आज नवऱ्याच्या आधी. काठीवर बसून तिनं पिसं झाडली. तुषाराचे दोन थेंब पिराजीच्या मनगटावर पडले. आता पाठ करून उपयोग काय? ओल अंगावरच आली होती. आकडा उमटला, एकशे सात.

तो क्षणभर थांबला. मग वहीत लिहिलं, एकशे सात. उठून पत्र्यावर अंगठा ओढला, ओघळ मनगटापर्यंत आला. शेजारच्या रकान्यात त्यानं 'ओघळली' असं लिहिलं. आतून बाळाबाई चहाला हाका मारत होती. "आलो," म्हणाला, आणि पुढची साळुंकी बसायची वाट बघत तिथंच बसून राहिला.